जो चित्रकार कधी झालाच नाही, त्याची पन्नास वर्षांची कॉमिक्स

चार्ली चॅन हॉक चाय. जन्म 1938, सिंगापूर. शाळेत असल्यापासून कॉमिक्सचं वेड. ब्रिटिश राजवटीची अखेरची वर्षं, मलायाबरोबरचं विलीनीकरण, लगेच झालेली फारकत आणि नंतर नव्या देशाची भरभराट, हे सगळं घडत असताना हा माणूस चित्रं काढत राहिला. म्हातारपणी त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं तीनशेहून जास्त पानांचं देखणं पुस्तक निघालं. त्यात जुन्या कॉमिक्सची पिवळी पडलेली पानं आहेत, पेन्सिलची कच्ची रेखाटनं आहेत, रंगचित्रं आहेत, चार्लीने स्वतः सांगितलेल्या आठवणी आहेत. नाही तो फक्त चार्ली. असा माणूस कधी जन्मलाच नाही.

हे सगळं काम सनी लिऊ या एकाच चित्रकाराच्या हातचं आहे. 'द आर्ट ऑफ चार्ली चॅन हॉक चाय' हे त्याचं पुस्तक 2015 च्या मे महिन्यात सिंगापूरच्या एपिग्राम बुक्सने काढलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत पँथिऑनने. 2017 मध्ये त्याला आयस्नर पुरस्कारांची सहा नामांकनं मिळाली. अमेरिकन कॉमिक्सच्या जगात आयस्नरपेक्षा मोठा मान नाही, आणि त्यातले तीन पुरस्कार या पुस्तकाने घेतले.

कधी न आलेल्या सिनेमांची पोस्टर्स, कधी न निघालेल्या मासिकांची मुखपृष्ठं, कधी न छापलेली कॉमिक्स आता जागोजाग दिसतात. त्यातली बरीचशी बघून छान वाटतं आणि दोन मिनिटांत विसरायला होतं. माझ्या मते त्याचं कारण साधं आहे. वस्तू जुनी केलेली असते, पण ती करणाऱ्या माणसाचा पत्ताच नसतो. लिऊने आधी माणूस उभा केला, मग त्याच्या हातून कॉमिक्स काढून घेतली. हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे ते त्यासाठी.

हा चित्रकार कोण

लिऊचा जन्म 1974 चा, मलेशियातल्या सेरेम्बानचा. लहानपणीच सिंगापूरला आला. केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकला आणि नंतर अमेरिकेत ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये इलस्ट्रेशन. डीसी आणि मार्व्हल या दोन्ही मोठ्या प्रकाशकांसाठी त्याने काम केलेलं आहे. अशा कामात दुसऱ्याच्या कथेला, दुसऱ्याच्या काळाला साजेशी रेघ काढावी लागते.

चार्लीच्या आधी एक वर्ष, 2014 मध्ये, जीन लुएन यांग या लेखकाबरोबर त्याने 'द शॅडो हीरो' केलं होतं. ग्रीन टर्टल नावाचा एक सुपरहीरो 1944 मध्ये अमेरिकेत खरोखर येऊन गेला होता. चू हिंग या चिनी-अमेरिकन चित्रकाराचा हा नायक थोड्याच अंकांत बंद पडला. मूळ अंकांत नायकाचा चेहरा बहुतेक वेळा वाचकाकडे वळतच नाही, म्हणून एक प्रवाद रूढ झाला की चित्रकाराला नायक चिनी करायचा होता आणि प्रकाशकाला ते मान्य नव्हतं. यांग आणि लिऊ यांनी त्या विसरलेल्या नायकाला जन्मकथा दिली. खऱ्या भूतकाळात राहिलेली मोकळी जागा भरायची होती. चार्लीच्या वेळी मोकळी जागासुद्धा लिऊलाच तयार करावी लागली.

प्रत्येक दशकाला वेगळा हात

पुस्तकाची खरी करामत इथे आहे. चार्ली तरुणपणी जे वाचतो त्याचा वास त्याच्या रेषेला येतो, आणि जसजसं वय वाढतं तसतशी रेघ बदलते. 'आ हुआटचा जायंट रोबो' हे त्याचं 1956 चं काम. एका पोराला भलामोठा यंत्रमानव सापडतो, पण तो इंग्रजी आज्ञा ऐकत नाही, फक्त चिनी ऐकतो. त्या पानांवर ओसामु तेझुकाच्या जपानी कॉमिक्सची गोल, मऊ, धावती रेघ आहे. पुढे परग्रहवासी राज्यकर्त्यांची कथा येते, तेव्हा रेघ ब्रिटिश साप्ताहिकांतल्या अंतराळकथांसारखी नेटकी होते. झुरळ चावल्यामुळे शक्ती मिळालेला 'रोचमन' येतो तेव्हा अमेरिकन सुपरहीरोंचा बाज. विलीनीकरणाचं राजकारण बोलक्या प्राण्यांच्या तोंडी घातलेलं आहे, आणि त्याची रेघ वॉल्ट केलीच्या 'पोगो' या अमेरिकन चित्रमालिकेकडे झुकणारी. 1980 च्या दशकात 'सिंकापोर इंक्स' येतं. अख्खा देश म्हणजे स्टेशनरीची एक कंपनी, मालकाचा चेहरा सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली कुआन यू यांच्यासारखा आणि नागरिक म्हणजे पगारी नोकर.

इतक्या शैली हातात असणं ही कसरत म्हणून कौतुकाची आहेच. पण त्याहून महत्त्वाचं आहे ते त्यामागचं बंधन. 1956 च्या चार्लीला 1960 नंतरची रेघ येता कामा नये. जी मासिकं त्या साली सिंगापूरच्या दुकानात पोहोचत नव्हती, त्यांचा प्रभाव त्याच्यावर पडू शकत नाही. तरुण चार्लीची चित्रं थोडी कच्ची हवीत, आणि तीही त्या वयात मुलं ज्या चुका करतात त्याच चुकांनी कच्ची. चांगलं चित्र काढणं एकवेळ सोपं. वीस वर्षांच्या पोराने काढलेलं चांगलं चित्र, त्याच्या वयाच्या मर्यादांसकट काढणं फार अवघड.

रोचमनकडे जरा जवळून पाहा. हा नायक दिवसा कोण असतो? मैला वाहणारा कामगार. त्या काळी सिंगापूरच्या बऱ्याच वस्त्यांत ड्रेनेज नव्हतं, रात्रीतून बादल्या उचलून न्यायला माणसं येत. स्पायडरमॅनच्या कोळ्याच्या जागी झुरळ घातलं की विनोद होतो. पण त्या झुरळाला मैल्याच्या बादलीजवळ नेऊन ठेवलं की एका शहराचा इतिहास सुरू होतो. नक्कल आणि निर्मिती यांतलं अंतर मला या एका पात्रात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

कागद, शाई आणि ठिपके

आता थोडं हाताच्या कामाबद्दल, कारण इथेच बहुतेकांचं घोडं अडतं.

त्या काळातलं स्वस्त कॉमिक न्यूजप्रिंटवर छापलं जाई. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, म्हणून पान आधी कडांनी पिवळं होतं आणि मध्यभाग त्या मानाने उजळ राहतो. सगळं पान एकसारखं तपकिरी केलं की ते खोटं दिसतं ते यामुळे. रंग चार प्लेटांनी छापले जात: निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा. रंगाचे ठिपके पाडणारी स्क्रीन जाडीभरडी असल्यामुळे ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसत. कागद मशीनमध्ये किंचित सरकला की रजिस्ट्रेशन, म्हणजे प्लेटांची एकमेकींवरची जुळणी, चुकायचं आणि काळ्या रेषेबाहेर गुलाबी रंगाची कड डोकावायची. ही कड एका पानावर साधारण एकाच दिशेला असते, कारण ती प्लेट सबंधच सरकलेली असते. चेहऱ्यावर डावीकडे आणि शर्टावर उजवीकडे असं होत नाही.

लिऊच्या पुस्तकात या खुणा जागच्या जागी आहेत. काही पानं छापील अंकासारखी, काही मूळ हस्तकामासारखी, जिथे निळ्या पेन्सिलीच्या रेघा, पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुका आणि चिकटपट्टीचे डाग दिसतात. छापील पान आणि मूळ चित्र यांचं म्हातारपण वेगवेगळं असतं. छापील अंक लोकांच्या हाताळण्याने झिजतो. मूळ चित्र फडताळात पडून राहतं, त्याच्यावरचा गोंद आधी पिवळा पडतो. हा फरक ज्याला कळला त्याने अर्धी लढाई जिंकली.

जो गाजलाच नाही तो

चार्लीला लिऊने गाजू दिलं नाही, हा माझ्या मते या सगळ्या रचनेतला सगळ्यात शहाणा निर्णय. तो प्रसिद्ध असता तर वाचकाने लगेच विचारलं असतं, मग आम्ही याचं नाव कसं ऐकलं नाही? चार्लीची बहुतेक कामं खपली नाहीत, काही छापलीच गेली नाहीत. त्याचा लेखक मित्र बर्ट्रांड सुरुवातीला बरोबर असतो, पुढे पोटापाण्याच्या रीतसर मार्गाला लागतो. चार्ली 1988 मध्ये पोर्टफोलिओ घेऊन सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या कॉमिक्सच्या मेळाव्याला जातो आणि रिकाम्या हाताने परततो.

अपयशामुळे पात्र पटतं, आणि चित्रकार म्हणून मोकळीकही मिळते. न छापलेल्या कॉमिकला संपादक नसतो, सेन्सॉर नसतो. सिंगापूरमध्ये जे त्या साली छापून येणं शक्य नव्हतं ते चार्लीच्या टेबलावर शक्य होतं. 2 फेब्रुवारी 1963 च्या पहाटे 'ऑपरेशन कोल्डस्टोअर' झालं, शंभराहून जास्त डाव्या नेत्यांना आणि कार्यकर्त्यांना पकडलं. त्यात लिम चिन सिओंग होते. ली कुआन यू यांच्याबरोबर 1954 मध्ये पीपल्स ॲक्शन पार्टी हा पुढे सत्तेवर आलेला पक्ष उभा करणाऱ्यांतले ते एक, चिनी भाषेत सभा जिंकणारे वक्ते, नंतर बारिसान सोशलिस या विरोधी पक्षाचे नेते. 1969 मध्ये सुटले, लंडनला गेले, 1996 मध्ये वारले. अधिकृत इतिहासात त्यांची जागा फार थोडी. 'डेज ऑफ ऑगस्ट' या चार्लीच्या कॉमिकमध्ये मात्र इतिहास दुसऱ्या वाटेने जातो आणि लिम पंतप्रधान होतात. त्या सिंगापूरमध्ये चार्ली मान्यवर चित्रकार आहे. तरीही त्याला आतून जाणवत राहतं की हे जग कुठेतरी बिनसलेलं आहे.

एका बनावट चित्रकाराने काढलेलं एका बनावट देशाचं कॉमिक. त्याच्याखाली उभ्या असलेल्या तारखा, अटका आणि निवडणुका मात्र सगळ्या खऱ्या. लिऊने पुस्तकाच्या शेवटी टिपा दिल्या आहेत, त्यामुळे खरं कुठे संपतं आणि रचलेलं कुठे सुरू होतं ते शोधता येतं. चार्लीला खरा समजून वाचणाऱ्यांची तरीही कमी नाही. मला त्यात फसवणूक दिसत नाही. ज्याला तपासायचं आहे त्याला पूर्ण वाट दिलेली आहे.

असे प्रयोग याआधीही झालेत. कॅनडाचा चित्रकार सेथ याने 1990 च्या दशकात कालो नावाच्या विसरलेल्या व्यंगचित्रकाराचा शोध घेतल्याची कथा लिहिली आणि कालोची व्यंगचित्रंही स्वतःच काढली. लोकांनी कालोला खरा मानलं. 2000 मध्ये मार्व्हलने सेंट्री हा नायक आणला. 'विझार्ड' मासिकातून अशी बातमी पेरली की हा स्टॅन ली आणि आर्टी रोझन यांचा 1960 च्या दशकातला हरवलेला सुपरहीरो आहे. आर्टी रोझन असा कुणी नव्हताच. सेंट्रीच्या बाबतीत थाप हीच जाहिरात होती. थाप उघड झाली आणि तिचं काम संपलं, पुढे नायक त्याच्या कथांवर चालला. कालो आणि चार्ली यांचं काम खरं कळल्यावर सुरू होतं. हा फरक प्रसिद्धीचा विचार करणाऱ्या प्रत्येक चित्रकाराने लक्षात घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

प्रसिद्धी कशी झाली

प्रसिद्धीची पहिली पायरी नावातच आहे. थोर चित्रकारांच्या समग्र कामाची पुस्तकं 'द आर्ट ऑफ अमुक' अशाच नावाने निघतात. हे पुस्तकही त्याच थाटात येतं, आणि दुकानात हातात घेणारा माणूस आपोआप चार्लीला थोर धरून चालतो.

दुसरी पायरी लिऊने आखलेली नव्हती. सिंगापूरच्या नॅशनल आर्ट्स काउन्सिलने या पुस्तकाला 8,000 सिंगापूर डॉलरचं अनुदान मंजूर केलं होतं. प्रकाशन समारंभ 30 मे 2015 ला ठरलेला. आदल्या दिवशी काउन्सिलने अनुदान काढून घेतलं. सरकारच्या आणि सार्वजनिक संस्थांच्या अधिकाराला, वैधतेला या मजकुरामुळे बाधा येऊ शकते, असं कारण दिलं. ली कुआन यू त्याच वर्षी 23 मार्चला वारले होते आणि देशात स्वातंत्र्याच्या पन्नाशीचे सोहळे चालू होते. अशा वेळी दुसऱ्याच वाटेने गेलेला देश चित्रांतून समोर आला.

छापून झालेल्या प्रतींवर काउन्सिलचं चिन्ह होतं. एपिग्रामने त्यावर स्टिकर चिकटवले. हजार प्रतींची पहिली आवृत्ती बघता बघता संपली.

अनुदान गेल्यामुळेच पुस्तक गाजलं, असं या प्रकरणाबद्दल सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. एक तर पुस्तकावर बंदी नव्हती, ते दुकानात मिळत होतं. वादामुळे पहिल्या हजार प्रती झटपट गेल्या, हे मान्य. पण 2016 मध्ये सिंगापूर लिटरेचर प्राइझ इंग्रजी कथात्म साहित्यासाठी या पुस्तकाला मिळालं. त्या विभागात चित्रकादंबरीला मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. आणि 2017 मध्ये सॅन डिएगोला मिळालेले तीन आयस्नर होते उत्कृष्ट लेखक-चित्रकार, उत्कृष्ट प्रकाशन रचना आणि अमेरिकेत निघालेल्या आशियाई कामाची उत्कृष्ट आवृत्ती यांचे. अमेरिकेतल्या मतदारांना सिंगापूरच्या अनुदानाचं काय पडलेलं? त्यातही प्रकाशन रचनेचा पुरस्कार मला सगळ्यात बोलका वाटतो. पिवळ्या कडा, चिकटपट्ट्या, ठिपके, वेगवेगळ्या काळाचे कागद, हे सगळं रचनेचंच काम आहे. वादाने माणसं दुकानापर्यंत आली. पुढे जे टिकलं ते हाताच्या कामावर.

आयस्नर जाहीर झाल्यावर काउन्सिलने लिऊचं अभिनंदन केलं. त्या अभिनंदनात पुस्तकाचं नाव नव्हतं.

अनुदान घेऊन काम करणाऱ्या आपल्या चित्रकारांनी आणि प्रकाशकांनी यातला व्यवहार नीट पाहावा. अनुदान मंजूर होतं तेव्हा प्रस्ताव वाचला जातो, आणि हरकत येते ती तयार पुस्तक वाचल्यावर. लिऊ आणि एपिग्राम यांचं पुस्तक अनुदानाशिवायही उभं राहू शकत होतं, म्हणून ते वेळेवर निघालं. छपाईचा सगळा खर्च त्या रकमेवर अवलंबून असता तर समारंभाच्या आदल्या दिवशी काहीच करता आलं नसतं.

मुंबईत असता तर

मराठीत असा चार्ली उभा करायचा झाला तर साहित्य भरपूर आहे. संयुक्त महाराष्ट्राचा लढा, 1960 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेलं 'मार्मिक', 1964 पासून मुंबईतून निघणारी आणि मराठीतही येणारी 'इंद्रजाल कॉमिक्स', आणीबाणीतला सेन्सॉर, 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी संप. गिरणगावातला एखादा पोरगा इंद्रजालचा अंक भाड्याने आणून वेताळाच्या घोड्याची नक्कल करतोय आणि पुढे बंद गिरणीच्या भोंग्यावर स्वतःचं कॉमिक काढतोय, हे मला स्पष्ट दिसतं. पण तो कुठल्या छापखान्यात गेला, तिथे छपाईचे ब्लॉक कोण करायचं, किती रंग परवडायचे, कुठल्या साली कुठल्या संपादकाने त्याला परत पाठवलं, याची उत्तरं तयार होईपर्यंत पहिली रेघ ओढण्यात अर्थ नाही. लिऊच्या पुस्तकात ती मेहनत पानोपानी आहे.

जिथे चार्ली कमी पडतो

पुस्तकावर माझं प्रेम आहे, तरी दोन गोष्टी खटकतात. चार्लीला आवडणारी लिली नीट उमलत नाही. तिला स्वतःचं मत, स्वतःचा राग फार थोडा मिळतो. चार्लीच्या कथेत ती येते आणि जाते.

दुसरी गोष्ट मोठी आहे. चार्लीचं सिंगापूर मुख्यतः चिनी सिंगापूर आहे. चिनी शाळा, चिनी भाषेचं राजकारण, इंग्रजीचं वर्चस्व यावर पुस्तकाचा सगळा जीव आहे. त्या शहरात राहणारे मलय आणि तमिळ लोक प्रसंगापुरते येतात. आणि त्याच वर्षांत त्याच शहरात, जालान अम्पासवरच्या शॉ ब्रदर्सच्या स्टुडिओत, पी. रामली एकामागून एक मलय चित्रपट करत होते. स्वतःच दिग्दर्शन, स्वतःच अभिनय, गाणी स्वतःच्याच आवाजात. सबंध मलय जग ते बघत होतं. त्या स्टुडिओबाहेर सिनेमाची पोस्टरं रंगवणारा आणि रात्री घरी जावी लिपीत, म्हणजे मलयसाठी वापरल्या जाणाऱ्या अरबी वळणाच्या लिपीत, कॉमिक काढणारा एखादा तरुण चार्लीच्या बरोबरीने या पुस्तकात हवा होता. त्याच्या रेषेला जपानी किंवा ब्रिटिश वळण नसतं, सिनेमाच्या पोस्टरचं असतं. आणि 1965 च्या फारकतीचा दिवस त्याच्या पानावर चार्लीच्या पानापेक्षा वेगळा उमटला असता.